रोजची एकादशी

आबा, तुम्ही ती गुडदाणी खाल्ली होती की नव्हती, एवढंच मला विचारायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला गेलं तर आधी खोकला आठवतो आणि मग शब्द. आईही गेली. लोणावळ्याच्या त्या रेल्वेच्या खोल्यांत आता कोण राहतं मला माहीत नाही. मी इथे कामशेतला, तांदळाच्या दुकानामागच्या स्वयंपाकघरात पाटावर कागद ठेवून लिहिते आहे. आमचे हे म्हणतात, तुझ्यासारखी संशयी बाई उभ्या मावळात सापडायची नाही. म्हणोत बापडे. दुधात पाणी आहे का हे मी रोज नखावर थेंब घेऊन बघते, देवळातला प्रसादसुद्धा हुंगल्याशिवाय तोंडात घालत नाही. पण हा गुण काही मी आईच्या पोटातून घेऊन आले नव्हते. तुमच्या पायाला ती जखम झाली, त्या वर्षी आपल्या घरात जो तो दुसऱ्याच्या तोंडाचा वास घेत होता, आणि मी त्यातच मोठी झाले.

घाट चढताना गाडीला मागून इंजिन लावायचे, त्या इंजिनांच्या भट्ट्या साफ करायचं तुमचं काम. राख ओढताना एक निखारा बुटात गेला आणि अंगठा पोळला. असं पोळणं तुम्हाला नवं नव्हतं. आई वर तूप चोपडायची आणि चार-पाच दिवसांत खपली धरायची. या खेपेला धरली नाही. अंगठा लाल झाला, मग जांभळा, मग त्याला वास यायला लागला. तुम्ही तांब्यामागून तांब्या पाणी पीत होता आणि अंगावरचा सदरा दुसऱ्याचा घातल्यासारखा लोंबत होता. रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुमची लघवी निळ्या औषधात उकळली, ती विटेसारखी लाल झाली, आणि त्यांनी सांगितलं की ही साखरेची व्याधी आहे. मेलेला अंगठा कापायला हवा. पण अंगात एवढी साखर असताना कापलं तर जखम भरायची नाही, विष वर चढेल आणि मग गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. साखर उतरवा, अंगठ्यावर भागेल, असं ते म्हणाले. पाय गेला म्हणजे नोकरी गेली, नोकरी गेली म्हणजे खोली गेली, आणि मग गावी, आंदर मावळात, त्या डोंगरउतारावरच्या भातखाचरांत, जिथे दोन पायांचा माणूस बांधावरून घसरतो, तिथे तुम्ही एका पायावर काय करणार होता? हे कुणी बोललं नाही. पण घरी येताना आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की माझ्या बांगडीचा वळ उठला.

डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य सोपं होतं. साखर बंद, गूळ बंद, धान्य बंद. आईनं ते व्रतासारखं घेतलं. देवापुढे दिवा लावून म्हणाली, आजपासून ह्यांची रोजची एकादशी, आणि ह्यांची तशी माझीबी. गव्हाची, ज्वारीची, तांदळाची सगळी मडकी तिनं शेजारच्या मावशीकडे नेऊन ठेवली. आम्हा दोघींपुरता गूळ असायचा, तोही कुलुपात गेला. मग ती माहेरी चालत गेली आणि डोक्यावर वरीचं गाठोडं घेऊन आली. बाजारातून राजगिरा आणला, शिंगाड्याचं पीठ आणलं. सकाळी तुम्हाला वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी, संध्याकाळी राजगिऱ्याची भाकरी, मधे उकडलेलं रताळं. आणि तुम्हाला जेवणाच्या शेवटी गोड लागतं, गोडाशिवाय तुमचा हात ताटातून निघत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून रोज शिंगाड्याचा शिरा. तूप सढळ, वेलची, आणि साखरेच्या जागी डॉक्टरांनी दिलेल्या सॅकरिनच्या बारक्या गोळ्या पाण्यात विरघळवून. आई तिला खोटी साकर म्हणायची. तो शिरा जिभेवर गोड लागायचा आणि घशाशी गेला की कडवट. तुम्ही कधी तोंड वाकडं केलं नाहीत. मी मात्र एकदा चाखला आणि अंगणात जाऊन थुंकले.

दर आठवड्याला बाटली घेऊन दवाखान्यात जायचं काम माझं. मी शाळेत जाणारी, डॉक्टरांचं बोलणं मला समजतं, म्हणून. बाटलीला फडकं गुंडाळायचं, बाजारातून जाताना कुणी विचारलं तर तेल आहे म्हणायचं. डॉक्टर नळी दिव्यावर धरतात, निळं औषध खदखदतं, आणि मी मनात म्हणते, निळंच राहू दे, निदान हिरवं तरी. ते हिरवं होतं, पिवळं होतं, आणि बघता बघता विटकरी. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी नुसतं वहीत लिहिलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला विचारलं की वडील पथ्य पाळतात ना. तिसऱ्या खेपेला नळी खाली ठेवून ते म्हणाले की तुमच्या घरात कुठेतरी पाणी मुरतंय, कुणीतरी ह्यांना साखर देतंय. ते शब्द मी तसेच्या तसे घरी आणले. एवढी शहाणी होते मी.

झालं, त्या दिवसापासून घराला संशयाचं भूत लागलं. आईनं आधी शेजारच्या मावशीवर डोळा ठेवला, मग माझ्यावर, आणि मग तुमच्यावर. तुम्ही कामावरून आलात की पाय धुवायच्या आधी ती जवळ येऊन उभी राहायची आणि तुमच्या तोंडाचा वास घ्यायची. तुमच्या सदऱ्याचे खिसे उलटे करून त्यातली धूळ बोटावर घेऊन चाटायची. निघाली ती कोळशाचीच. स्टेशनाखाली तो गुडदाणीवाला होता ना, कढईतला गूळ-शेंगदाण्याचा गोळा फळीवर लाटणारा, त्याच्या दुकानापुढे भर बाजारात उभी राहून ती म्हणाली की माझ्या मालकाला एक तुकडा दिलास तर तुझ्या कढईत राख ओतीन. त्यानं गंगेची शपथ घेतली, म्हणाला की तुमचे मालक पाय पोळल्यापासून हितं आलेच नाहीत. आई म्हणाली, चोर काय शेजाऱ्याला सांगून चोरी करतो? दुसऱ्या दिवशी इंजिनांच्या शेडमध्ये तुमच्या जोडीदारांनी तुम्हाला गुडदाणी म्हणून हाक मारली. तेही तुम्ही घरी सांगितलं नाहीत, मला ते मावशीकडून कळलं.

मीही कमी नव्हते. शाळा सुटली की मी स्टेशनाच्या जिन्याआड उभी राहायचे आणि तुम्हाला शेडमधून लंगडत येताना बघायचे. एकदा तुम्ही त्या दुकानापुढे थांबलात. कढईतून वाफ येत होती आणि तुम्ही नुसते उभे होता, हात खिशात. मधेच एक मालगाडी आली, तिचे डबे संपेपर्यंत मला पलीकडचं दिसलं नाही. गाडी गेली तेव्हा तुम्ही पुढच्या वळणावर पोचला होता. त्या डब्यांच्या पलीकडे काय झालं, आबा? मी घरी येऊन आईला सांगितलं की उभे होते. एवढंच सांगितलं. तिला तेवढं पुरलं.

त्या संध्याकाळी ताटावर बसलेल्या माणसाला तिनं विचारलं. तुम्ही शिऱ्याचा घास हातात घेतलेला. घास परत ताटात ठेवलात आणि आईकडे न बघता भिंतीकडे बघून म्हणालात, "म्या खाल्ली न्हाई. आता ह्याच्यावर इश्वास ठेव, न्हाईतर ठेवू नको. पुन्यांदा इचारू नको." मग तो घास उचलून खाल्लात आणि ताट चाटूनपुसून रिकामं केलंत. आईनं विश्वास ठेवला नाही. मीही नाही. ठेवणार कसा? नळी खोटं बोलत नव्हती, डॉक्टर खोटं बोलत नव्हते, उरलात तुम्ही एकटे. आणि तुमच्या दुसऱ्या पायाचा अंगठासुद्धा आता काळवंडत होता.

शेवटी डॉक्टरांनी आईलाच बोलावलं. ती इरकली लुगडं नेसून मला बरोबर घेऊन गेली आणि जाताना डब्यात सकाळचा शिरा घेतला, आपण किती निगुतीनं करतो ते दाखवायला. डॉक्टर रागावलेले होते. पाय काढायची तारीख ठरवतो असं म्हणाले. आईनं डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, सायेब, बघा तरी, ह्ये खात्यात ते, ह्याच्यात साकरेचा कण न्हाई, मी चुलीम्होरनं उठत न्हाई. डॉक्टरांनी विचारलं हे कशाचं. ती म्हणाली शिंगाड्याचं. ते म्हणाले शिंगाडा म्हणजे? डॉक्टर आपल्याकडचे नव्हते, उपासतापास त्यांच्या घरात कुणी करत नसावं. आईला हसूच आलं. तिनं समजावून सांगितलं की शिंगाडा तळ्यात होतो, तो धान्य नव्हे, एकादशीला चालतो. वरी चालती, राजगिरा चालतो, रताळं चालतं. धान्य एक दाणा नाही.

डॉक्टर उठले. जखमेवर लावायच्या टिंचरची बाटली आणली आणि शिऱ्यावर एक थेंब सोडला. तपकिरी थेंब शिऱ्यावर पडला आणि काळानिळा झाला, शाई सांडावी तसा. मग त्यांनी कंपाउंडरच्या डब्यातला भात मागवला, त्याच्यावर थेंब सोडला. तोही तसाच काळानिळा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ते म्हणाले, "बाई, पोटाला एकादशी कळत नाही. हा भातच आहे. तुम्ही ह्यांना दिवसातून तीनदा भात घालताय." पिठात जे पिष्ट असतं त्याची पोटात साखरच होते, जमिनीत पिकलेलं असो की तळ्यातलं, असं त्यांनी मला वेगळं समजावलं. आई ऐकत नव्हती. ती डब्यातल्या त्या काळ्या डागाकडे बघत होती. मग तिनं डब्याला झाकण लावलं आणि तो पदराखाली घेतला.

वाटेत ती माझ्यापुढे झपाझप चालत होती. तुम्ही उंबऱ्याशी पाय पुढे करून बसला होता. तिनं डबा तुमच्यापुढे उघडला, तो डाग दाखवला, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. म्हणाली, तुमी खरं बोलत व्हता, तुमचा पाय म्याच खाल्ला माझ्या हातानं. मी मागे उभी होते. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण पाठ दिसत होती, आणि माझ्या आईची पाठ तशी मी त्यापूर्वी कधी बघितली नव्हती. मी घाबरले, आबा. घराच्या मागे विहीर होती आणि मला त्या क्षणी तिचीच आठवण झाली.

तुम्ही डब्यात बघितलंत. मग डोकं खाजवलंत आणि म्हणालात, "तुजं काय न्हाई त्यात. म्या गुडदाणी खात व्हतो. रोज. सुटी झाली की टेसनाखाली. तुला खोटं सांगितलं." तुम्ही आणखी म्हणालात की शिऱ्यानं अशी कितीशी साखर वाढणार, चमचाभर शिरा तो. मग ती मटकन खाली बसली आणि असा काही तोंडाचा पट्टा सोडला तुमच्यावर, की शेजारची मावशी धावत आली. चोर म्हणाली, लबाड म्हणाली, पोरीला फसवलं म्हणाली, पाय तुटला तर बरंच हुईल म्हणाली. म्हणता म्हणता रडायला लागली, आणि रडता रडता चुलीकडे जाऊन तिनं वरीचं मडकं अंगणात उपडं केलं. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेत होता.

त्यानंतर तुमच्या ताटात अंडी आली, मटणाचा रस्सा आला, मेथी, काकडी, दुधीभोपळा. आईनं गळ्यातली तुळशीची माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि अंडी स्वतः फोडली. डॉक्टरांकडून तिनं टिंचरची एक बाटली मागून आणली होती. आता तिचा कुणावरच विश्वास नव्हता, भाजीवरसुद्धा. काहीही शिजवलं की त्यातला तुकडा बाजूला काढून त्यावर थेंब टाकायची आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून वाट बघायची. सुरण काळा पडला, हाकलला. केळं काळं पडलं, हाकललं. ओल्या खोबऱ्यावर थेंब तपकिरीच राहिला, म्हणून मग खोबऱ्याची वडी. खोट्या साखरेत वडी काही पडायची नाही, नुसता भुगा व्हायचा. तुम्ही तो चिमटीनं खायचात आणि आईकडे बघून मान हलवायचात. नळी आधी पिवळी राहिली, मग हिरवी, आणि एका सोमवारी निळी ती निळीच. मी दवाखान्यापासून घरापर्यंत पळत आले. डॉक्टरांनी एकाच पायाचा अंगठा काढला. दुसरा आपोआप सुधारला. तुम्ही लंगडत का होईना, शेडमध्ये परत गेलात.

पण माझं डोकं स्वस्थ बसणारं नाही. मी तेव्हाच विचार केला होता. गुडदाणी रोज खात होता तर खिशात कण का नाही, तोंडाला वास का नाही? दुकानदारानं शपथ का घेतली? आणि वरी-शिंगाडा बंद केल्यावरच नळी निळी कशी झाली? तर तुम्ही खाल्लीच नव्हती. पण मग दुसरं मन म्हणायचं, कबूल केल्यावर त्याच दिवशी सोडली असेल, दोन्ही एकदमच बंद झालं, म्हणून निळी झाली. आणि ती मालगाडी. म्हणजे एकदा तरी तुम्ही खोटं बोलला आहात. भिंतीकडे बघून, नाहीतर डब्यात बघून. कुठल्या वेळी, ते मला ठरवता आलं नाही. तुम्हाला विचारायची सोय नव्हती. पुन्यांदा इचारू नको, हे तुम्ही आईला म्हणाला होता, पण ते मलाही लागलं होतं.

तुम्ही गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती तुमची गोष्ट हसून हसून सांगायची, आमचा म्हातारा कसा गुडदाणीचोर होता म्हणून. एकदा शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा मी तिला म्हटलं की आबांनी खरंच खाल्ली असेल का गं. तिनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि म्हणाली, "त्यो दुकानदार कवा खोटं बोलला न्हाई. तुजा बापबी आयुष्यात येकदाच बोलला." एवढं बोलून ती उठून गेली. म्हणजे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून ती पुढेही तुम्हाला चोरच म्हणत राहिली. हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं म्हातारी उगाच बोलते आहे.

आता का लिहिते आहे, ते सांगते. यांना तोच आजार आहे, चार वर्षं झाली. आता सुई निघाली आहे, रोज टोचून घेतात. तांदळाचे व्यापारी, आणि घरात भाताचं शीत वर्ज्य. मीही आईचीच लेक, टिंचरची बाटली माझ्या फडताळात आहे. यांनाही गोड लागतं. म्हणून मी खवा आणला, घरी भाजला, खोट्या साखरेत पेढे वळले, आणि आधी थेंब टाकून बघितला. तपकिरीच राहिला. मी निर्धास्त झाले. महिनाभर रोज चार-चार पेढे दिले. आणि परवा तळेगावच्या डॉक्टरांकडे नळी विटकरी झाली. त्यांनी विचारलं काय खाता. हे म्हणाले, "बाहेरचं काही खात नाही. हिच्या हातचे पेढे खातो, तेवढेच." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले की दुधात मुळातच साखर असते, खवा म्हणजे आटवलेलं दूध, ती टिंचरला दिसत नाही. शिकलेल्या दिसता, विचारायचं तरी. सुईचं माप वाढवलं. यांच्या एका डोळ्याला अंधारी येते आहे, ती त्यानंच असेल, असंही म्हणाले.

यांनी काही चूक केली नाही. विचारलं ते खरं सांगितलं. परत येताना बैलगाडीत माझी समजूतही घातली की तुला काय माहीत होतं, जाऊ दे. चांगला माणूस आहे, उभ्या जन्मात माझ्याशी खोटं बोललेला नाही, आणि माझ्यासारखीचा संसार अशाच माणसाशी व्हायचा. पण मी त्या डॉक्टरांच्या बाकावर बसले होते ना आबा, तेव्हा मी मनातल्या मनात यांच्या पाया पडत होते, की एकदा म्हणा, एकदाच म्हणा की बाजारातून जिलबी आणून खाल्ली. तुम्ही गुडदाणी खाल्ली नव्हती. हे मला त्या बाकावर कळलं, आणि सगळ्यात आधी मला आईचा हेवा वाटला. यांचा रागही आला आहे, खरं बोलल्याचा, आणि दोन दिवस झाले तरी तो जात नाही. हे वाचायला तुम्ही नाही आणि यांच्या हाती पडू द्यायचं नाही, म्हणून चूल पेटली की कागद आत घालणार आहे. हे आता ओसरीवर कुणाला तरी सांगताहेत की आमच्या घरी पथ्य अगदी काटेकोर असतं.